हेडसरांचा कोट आणि दोन ब्राउझर

"मावशी, आजपासून काउंटरवरून आत ओरडायचं नाही. तू इथे माप टाकलंस की काकांना तिथे दिसणार. आपोआप!"

ठिणगीने ठणकावून सांगितलं. पोरगी कशानेही भडकायची, म्हणून ठिणगी. खरं नाव घरचेही विसरले होते. मावशी-काकांच्या टेलरिंगच्या दुकानासाठी तिने स्वतः ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन बनवलं होतं. गिऱ्हाइकाचं नाव टाका, ब्राउझरच्या कोपऱ्यात मापं हजर! काउंटरवर मावशीचा कॉम्प्युटर, आत कटिंगच्या टेबलावर काकांचा जुनाट लॅपटॉप. जुनी मापं ठिणगीने दोन्हीकडे भरून दिली. दोन्हीकडे झकास दिसली!

फक्त काकांचा ब्राउझर वेगळा होता.

"काका, तुमचा ब्राउझर बदलते."

"हात लावून तर बघ!"

"राहू दे मग. सगळे ब्राउझर सारखेच."

इथेच तिने माती खाल्ली.

दोन दिवसांनी शाळेचे हेडसर आले, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. बक्षीस समारंभासाठी कोट हवा होता. तो जमला तर अख्ख्या शाळेचे गणवेश मावशीकडे! मावशीने देवाचं नाव घेत टेप फिरवली. छाती शेहेचाळीस. लगेच टाइप केलं.

समारंभाच्या संध्याकाळी हेडसर कोट चढवायला आले. हात कसेबसे आत गेले, पण बाहेर यायचं नाव घेईनात. मावशीने ओढून बटण लावलं, तेव्हा सरांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला.

"अहो, कापताना डोळे कुठे होते?"

"स्क्रीनवर! अडतीस दिसलं, अडतीस कापलं!"

"मी शेहेचाळीस टाकलंय!"

"तू टेप लावलीस की हार घातलास?"

दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवले. नाव एक, छात्या दोन!

"यातला मी कोणता?" हेडसरांनी अर्ध्या श्वासात विचारलं.

ठिणगीच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. मावशीचा ब्राउझर नवीन मापं इंटरनेटवरच्या खात्यात पाठवत होता. काकांचा मात्र 'सिंक कर', म्हणजे खात्याशी जुळवून घे, म्हटलं की मान डोलवायचा आणि सगळं आपल्याच खिशात ठेवायचा! ना एरर, ना कुरकूर. त्याच्याकडे हेडसर अजून जुनेच, सडपातळ होते.

"चूक ब्राउझरची आहे!" ती तडकली.

"मग ब्राउझर घालून जाऊ का समारंभाला?"

काका कात्री घेऊन धावले. "उसवतो!"

"अहो, आत माणूस आहे!" मावशी किंचाळली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. हेडसर तसेच, विजेच्या खांबासारखे ताठ निघाले.

"गेले गणवेश," मावशी मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेचा शिपाई दारात. हातात गणवेशांची ऑर्डर!

मावशीचा विश्वासच बसेना. "कोट आवडला सरांना?"

"सरांचं नका विचारू. पण दरवर्षी ते बोलायला उभे राहिले की पोरं झोपून उठतात तरी चालूच. काल 'सर्वांचं अभिनंदन' म्हणाले, धाप लागली, बसले! अध्यक्षांनी तिथेच विचारलं, हा टेलर कोण? म्हणाले, त्या कोटाचं माप पुढच्या वर्षीसाठी तेवढं जपून ठेवा."

"मग! माझ्याच ब्राउझरमध्ये आहे ते!" काका मिशीतल्या मिशीत हसले.

ठिणगी हळूच दाराकडे सरकली. सकाळीच रागाच्या भरात तिने काकांचा ब्राउझर मापांसकट उडवला होता.