अनसूयाबाईंचा दोरा आणि प्राध्यापक तरसांचा हिरवा दिवा

एका जंगलात, बालमित्रांनो, दर घरामागे एक विमान होतं. मोठं नाही, छोटंच. दारात उभं करायचं आणि सकाळी फडक्याने पुसायचं.

त्या जंगलात अनसूयाबाई नावाच्या एक साळिंदर राहत. त्यांचं विमान सगळ्यांत जुनं, पण रोज उडायचं. अनसूयाबाईंना घरच्या घरी काहीबाही करून बघायची फार हौस. पंखाची कड कपाळाला लागते ना, म्हणून त्यांनी रबरी चेंडू चिरून तिथे बसवला होता. वेग मोजणाऱ्या नळीत गांधीलमाश्या घर करतात, म्हणून नळीवर वाळक्या दुधीची टोपी घातली होती. उडण्याआधी टोपी काढायचं विसरू नये, म्हणून तिला लाल चिंधी बांधली होती. स्वतःच्या पाठीवरचा एक काटा उपटून त्यावर खुणा कोरल्या होत्या. तो टाकीत बुडवला की इंधन किती आहे ते कळायचं. आणि समोरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक दोरा चिकटवला होता. विमान सरळ चाललं की दोरा सरळ. विमान तिरकं घसरायला लागलं की दोराही तिरका.

कोणी विचारलं, की अनसूयाबाई सगळं समजावून सांगत. पण कोणी विचारत नसे. फुकट मिळणारी गोष्ट चांगली कशी असेल, असं सगळ्यांना वाटे.

त्यांच्या शेजारी दाजीबा गवा राहायचा. अंगाने अवाढव्य, स्वभावाने भिडस्त. त्याने नुकतंच विमान घेतलं होतं. पुढच्या आसनावर तो बसला, की विमानाचं शेपूट वर व्हायचं.

"मागे वजन ठेव रे," अनसूयाबाई म्हणाल्या. "दोन पोती भोपळे ठेवलेस तरी काम होईल."

"ठेवतो, काकू," दाजीबा म्हणाला आणि लाजला. भोपळे घेऊन उडणं त्याला बरं दिसत नव्हतं.

अशात जंगलात प्राध्यापक प्रसन्नराव तरस आले. ते छोट्या विमानांचे मोठे तज्ज्ञ होते. स्वतः ते कधी उडाले नव्हते, कारण झोपाळ्यावरही त्यांना मळमळायचं. पण 'सुखी विमानमालकासाठी एकशे एक युक्त्या' हे पुस्तक त्यांचंच. युक्ती पहिली : विमान उडवताना नेहमी आत बसावे. युक्ती सातवी : उतरण्यासाठी शक्यतो जमीन निवडावी. युक्ती चाळिसावी : ढगात शिरताना नम्रता बाळगावी.

जंगल भारावून गेलं. माकडांनी तर पहिली युक्ती पाठ केली.

प्राध्यापकांनी एक यंत्रही बनवलं होतं. त्याचं नाव 'सर्वज्ञ'. ते बसवलं, की हिरवा दिवा लागायचा. हिरवा दिवा म्हणजे इंधन भरपूर, हवा उत्तम, मालक भाग्यवान. दिवा कधीच लाल होत नसे, कारण आत लाल दिवा नव्हताच.

"लाल रंगाने मन खचतं," प्राध्यापक म्हणाले आणि आपल्याच वाक्यावर खो खो हसले. तरसच ते. हसू त्यांना कशानेही यायचं.

दाजीबाने आपल्या विमानात सर्वज्ञ बसवलं. मग ठरलं, की त्याच विमानातून प्राध्यापकांनी जंगलावर एक फेरी मारायची आणि वरून सगळ्यांशी बोलायचं. वडाच्या झाडावर भोंगा टांगला. प्राध्यापकांच्या हातात माइक दिला. आता मागे फिरायची सोय नव्हती. प्राध्यापकांनी गुपचूप चार लवंगा तोंडात टाकल्या.

दाजीबा पुढे बसला. शेजारी प्राध्यापक बसले. शेपूट वर झालं. लोक हसले. दाजीबाने भोपळ्यांची दोन पोती मागे टाकली. तरी शेपूट खाली येईना.

"अहो अनसूयाबाई," माकडांचा पुढारी वाघोजी ओरडला, "जरा वजन म्हणून बसता का मागे?"

अनसूयाबाई आल्या. त्यांनी आधी आपला खुणांचा काटा काढला आणि टाकीचं झाकण उघडायला गेल्या.

"हे काय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"टाकीत काडी घालून बघते. इंधन किती आहे ते."

"काही जणांना प्रत्येक ठिकाणी काडी घालायची सवय असते!" प्राध्यापक माइकवर म्हणाले. सगळं जंगल हसलं. "अहो बाई, हिरवा दिवा दिसत नाही का?"

अनसूयाबाईंनी दाजीबाकडे पाहिलं. दाजीबाने काकुळतीने 'राहू द्या' अशी मान हलवली. गळ्यात हार, समोर एवढी गर्दी, त्याला उडायला नको म्हणवेना.

अनसूयाबाईंना घरी जाता आलं असतं. पण त्यांनी विचार केला, हा पोरगा उडणारच. मग खाली कसं यायचं ते माहीत असलेलं कोणीतरी मागे असलेलं बरं. त्यांनी काचेवर लोकरीचा एक दोरा चिकटवला आणि मुकाट्याने भोपळ्यांशेजारी जाऊन बसल्या. त्यांच्याशेजारी दुसरं कोण बसणार? काटे होते ना!

विमान उडालं. खाली टाळ्या. वर प्राध्यापक.

"मित्रहो, मी आता ढगांच्या सान्निध्यात आहे. मी नम्रता बाळगली आहे."

टेकडी मागे पडली, नदी मागे पडली आणि इंजिन खोकलं. मग पुन्हा खोकलं. मग गप्प झालं.

वर इतकी शांतता झाली, की भोपळे एकमेकांना घासल्याचा आवाज आला. दिवा हिरवा होता.

प्राध्यापकांनी दिव्याकडे पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. भीतीने त्यांना हसू फुटलं होतं. खो खो खो! ही ही ही! माइक त्यांनी तोंडाशी घट्ट धरला होता. सोडायचं भान नव्हतं.

"काकू!" दाजीबा ओरडला. पण तरसाच्या हसण्यापुढे गव्याचा आवाज खाली भोंग्यावर कुठला ऐकू येणार?

"नाक खाली घे," अनसूयाबाई मागून म्हणाल्या. स्वयंपाकघरात बोलावं तितक्या शांतपणे.

"खाली? आपण आधीच खाली चाललोय!"

"वर ओढलंस तर दगडासारखं पडेल. खाली घे. हां. आता तो दोरा बघ."

"डावीकडे झुकलाय."

"मग उजव्या पायाने दाब. हळू. सरळ झाला?"

"झाला."

"बस्स. दुसरीकडे बघूच नकोस. त्या दिव्याकडे तर नकोच."

खी खी खी, ही ही हो हो, प्राध्यापक हसतच होते. खाली भोंग्याजवळ लोक थक्क झाले. "इंजिन बंद पडलंय," वाघोजी म्हणाला, "आणि सर हसताहेत! काय काळीज आहे!"

पुढे आटलेलं तळं दिसलं. तळ सपाट होता, पण मधोमध रानडुकरांचा कळप आराम करत पडला होता. अनसूयाबाईंनी खिडकी उघडून एक भोपळा कळपापासून बराच अलीकडे टाकला. धप्प! मग दुसरा. मग तिसरा. डुकरं भोपळ्यांच्या दिशेने अलीकडच्या काठाला पळाली आणि मधली जागा मोकळी झाली.

"आणखी टाका, काकू!"

"नको. शेपटीला वजन राहू दे. आता नाक उचल. थोडं. आणखी थोडं. आता धरून ठेव."

चाकं टेकली. विमान उसळलं, पुन्हा टेकलं, खडखडत गेलं आणि काठाच्या एका झुडपात तोंड खुपसून थांबलं. एक चाक वाकलं. बाकी सगळं साबूत.

दाजीबा रडायला लागला. एवढा मोठा गवा, पण आसवांनी त्याचा हार भिजला. अनसूयाबाईंनी मागून त्याला थोपटायला हात पुढे केला. मग काट्यांची आठवण होऊन तो आवरता घेतला.

तेवढ्यात जंगल धावत आलं. त्यांनी प्राध्यापकांना खांद्यावर घेतलं. ते अजून हसत होते.

संध्याकाळी सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. "मृत्यूच्या तोंडावर हसणारा महापुरुष!" वाघोजी म्हणाला.

दाजीबा भिडस्त खरा, पण तो उठून उभा राहिला. "मला सांगायचंय, की विमान मागच्या काकूंनी..."

"हो हो, राहिलंच!" वाघोजीने माइक आपल्याकडे ओढला. "विमानात मागे ठेवलेल्या वजनाचेही आपण आभार मानू या!"

टाळ्या झाल्या.

दुसऱ्याच दिवशी नवा नियम निघाला. प्रत्येक विमानमालकाने संकटात हसण्याची परीक्षा द्यायची. परीक्षक अर्थातच प्राध्यापक. उमेदवाराने बंद विमानात बसायचं, प्राध्यापक म्हणणार 'इंजिन गेलं!', आणि उमेदवाराने खळखळून हसायचं. अस्वल पास झालं. ससे वरच्या श्रेणीत आले.

अनसूयाबाईंची पाळी आली.

"इंजिन गेलं!" प्राध्यापक ओरडले.

"मग नाक खाली घ्यायचं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"नापास!"

मग दाजीबा बसला.

"इंजिन गेलं!"

दाजीबा घाबरून मागे वळला आणि म्हणाला, "काकू!"

"नापास!"

दोघं बाहेर येऊन एका दगडावर बसली. जरा अंतर ठेवून. मग दाजीबा हळूच म्हणाला, "वजनाचे आभार."

अनसूयाबाईंना एकदम हसू फुटलं. दाजीबालाही फुटलं. दोघं इतकी हसली, इतकी हसली, की दाजीबा दगडावरून खाली पडला आणि अनसूयाबाईंच्या पाठीवरचे सगळे काटे खुळखुळ वाजायला लागले. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. परीक्षा संपली होती.

तात्पर्य : संकटात डोकं शांत ठेवणारं कोणीतरी आपल्यामागे जरूर असावं, फक्त माइक आपल्या हातात असावा.