कुंदघळीत ऊन उतरतं

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, मधे बोललेलं मला खपत नाही) अगदी तळाशी कुंदघळ नावाची वस्ती होती. डोंगर उंच, ढग दाट. तिथे ऊन म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट.

या घळीत भागाबाई नावाची कासवीण राहायची. तिने वाळूत सात अंडी पुरली होती. कासवाची अंडी उन्हाच्या उबेने फुटतात, ठाऊक आहे ना? नसेल तर आता झालं. गेल्या वर्षीची सगळी अंडी गारठून वाया गेली होती. बिचारी तेव्हापासून धड जेवली नव्हती.

ती सरपटत वाघमहाराजांकडे गेली.

"महाराज, चतकोर भाकरीएवढं ऊन हवंय. यंदा तरी माझी पिल्लं बघू द्या."

"चतकोर?" महाराज म्हणाले. "आम्ही अख्खा सूर्य देऊ!"

महाराजांना मोठंच काही द्यायची सवय होती. लहान द्यायला त्यांना लाज वाटायची.

मग गरुडराव आले. हा पक्षी हुशार, आणि मनाने खरंच चांगला. तो म्हणाला, "ढगांच्या वर दिवसभर लख्ख ऊन असतं. तिथे आरसा टांगतो. ऊन गोळा करतो, झोत करतो आणि नेमका भागाबाईंच्या वाळूवर सोडतो."

आणि बोलल्याप्रमाणे त्याने केलं की! चोच झिजली, पिसं गळली, पण आरसा टांगला. बाळांनो, यात हसण्यासारखं काही नाही. हसायचं पुढे आहे.

झोत सोडायचा म्हणजे उद्घाटन आलं. उद्घाटन म्हणजे महाराज आले. आणि महाराज उन्हात कसे बसणार? महाराजांचे कारभारी होते साळिंदरपंत. त्यांनी ऊन उतरायची जागा नीट मोजली आणि बरोबर तिच्यावर जांभळाच्या फांद्यांचा दाट मांडव घातला.

ठरल्या वेळी गरुडरावाने झोत सोडला. तो मांडवावर पडला आणि तिथेच राहिला.

"वा! काय गार वाटतंय," महाराज म्हणाले. टाळ्या झाल्या.

भागाबाईने वाळूला पोट लावून बघितलं. वाळू थंडगार.

"अहो पंत, आठ दिवसांत ऊब मिळाली नाही तर ही अंडीपण जातील. मांडव काढा ना!"

"काढा? उद्या दुसऱ्या जंगलातले पाहुणे योजना बघायला येतायत. त्यांना काय उन्हात बसवू?"

पाहुणे आले. मांडवाखाली बसून त्यांनी वर बघितलं, मान हलवली, जांभळाचं सरबत प्यायलं. परवा आणखी आले. तेरवा त्यांचे पाहुणे. सगळे भागाबाईला प्रेमाने विचारायचे, "मग, ऊन कसं वाटतंय?"

असे सहा दिवस गेले. भागाबाई रोज रडली. सातव्या दिवशी मात्र तिला भयंकर राग आला. कासवाला राग यायला वेळ लागतो, पण आला की तो जातही नाही.

ती वानरांच्या झाडाखाली गेली.

"हुप्प्यादादा, पाला खाणार का? जांभळाचा, कोवळा. आयता पसरून ठेवलाय."

"आमंत्रण आहे?" म्होरक्या वानराने विचारलं.

"मी देतेय ना!"

चाळीस वानरं मांडवावर उतरली. दुपार व्हायच्या आत वर काठीसुद्धा उरली नाही. झोत सरळ खाली आला. पाहुणे "अयाई गं!" करत पळाले. साळिंदरपंत तर झाडाच्या ढोलीत घुसले आणि काट्यांमुळे तिथेच अडकले.

भागाबाई वाळूशेजारी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी वाळू हलली. एक नाक. मग दुसरं. सात! तिने प्रत्येकाला दोनदा हुंगलं आणि पोटभर रडली. हे रडणं वेगळं होतं, बाळांनो.

बातमी दरबारात पोचली. योजना यशस्वी, असं महाराजांनी जाहीर केलं. साळिंदरपंतांना शाल मिळाली. पंतांनी लगेच सांगितलं, "पुढच्या वर्षी मांडव पत्र्याचा घालू. टिकाऊ."

भागाबाईने हे ऐकलं आणि मान वर करून झाडाकडे बघितलं.

"हुप्प्यादादा," ती म्हणाली, "पत्रा खाता का हो?"

तात्पर्य : गरिबाच्या दारात सूर्य आणायचा असेल, तर आधी पाहुण्यांच्या सावलीची सोय करावी. गरिबांची काळजी नको, त्यांची सोय वानरं करतात.