बाकावर बसण्याची पात्रता

निष्काम सेवा करणाऱ्याला फळाची अपेक्षा नसते. फक्त ते फळ दुसऱ्या कोणी आयतं खाल्लेलं त्याला बघवत नाही. हे सत्य आमच्या बागसेवा मंडळाइतकं क्वचितच कोणी आचरणात आणलं असेल. मी या मंडळाचा चिटणीस आहे, त्यामुळे पुढील मजकूर संपूर्णपणे निःपक्षपाती आहे.

दवाखान्यामागच्या पडीक जागेवर आम्ही ही बाग उभी केली. दर रविवारी सगळे सेवक जमतात. कामाची विभागणी शास्त्रशुद्ध आहे. तीस टक्के सेवक तण उपटतात, चाळीस टक्के ते कसं उपटावं हे सांगतात, वीस टक्के फोटो काढतात आणि उरलेले दहा टक्के उपटलेल्या ढिगात आपण लावलेलं मिरचीचं रोप शोधत असतात.

पाणी घालणं हे सर्वांच्याच आवडीचं काम असल्याने ते कोणा एकाला देता येत नाही. म्हणून प्रत्येक जण एक झारी घालतो. आणि नळ आहे तिथेच सावली असल्याने प्रत्येक जण ती नळाशेजारच्या गुलाबालाच घालतो. परिणामी गुलाब घोटाभर पाण्यात उभा आहे आणि पलीकडे कुंपणालगतची सूर्यफुलं स्वावलंबी झाली आहेत. गुलाबाची पानं पिवळी पडली तेव्हा आमच्या अध्यक्षांनी (निवृत्त मुख्याध्यापिका; त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, त्यांचे यजमानसुद्धा) एका शब्दात निदान केलं, "लाडावलंय."

असो. सांगायची गोष्ट अशी, की उन्हाळा सरत आला आणि बाग ऐन भरात आली. आमची एवढी सेवा होऊनही आली, यातच देवाची कृपा दिसते. झिनियाला कुठला रंग घ्यावा आणि कुठला सोडावा हेच कळेना. टोमॅटो पिकून रोपावरच फुटू लागले. घेवड्याच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळू लागल्या, आणि पुदिन्याला नुसता हात लागला तरी घरी पोचेपर्यंत बोटांना वास राहायचा. देणाऱ्याने हात म्हणून आखडता घेतला नव्हता.

हे सगळं बघायला आमच्यापैकी एकालाही सवड नव्हती, याचा मला अभिमान आहे. खऱ्या सेवकाने मान वर केली तरी त्याला फूल दिसत नाही; फुलाशेजारचं तण दिसतं.

बघत होती ती दोनच माणसं. उन्हामुळे मंडळाने सेवेची वेळ सकाळवरून संध्याकाळी नेली आणि ही गोष्ट उघडकीला आली. पुढच्या गल्लीतले शिंपीकाका रोज संध्याकाळी काकूंना हाताला धरून बागेत आणत. काकूंच्या पायाचं ऑपरेशन झालेलं. घरापासून आमच्या बाकापर्यंत आल्या, की त्यांची शक्ती संपे. घटकाभर बसल्या, की परत जाण्यापुरती येई. दिवसभर चार भिंती, आणि संध्याकाळी तो बाक. एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

"बघा, सूर्यफुलानं कशी मान टाकलीय," काकू म्हणाल्या. "अगदी तुम्ही मशीनवर डुलक्या काढता तशी."

"त्याला बियांचं ओझं आहे. मला तुझं."

"मग उतरवा की ओझं. इथंच ठेवून जा. मी बसते मजेत."

आणि दोघं हसली. मोठ्याने. आमच्या बागेत.

त्या वेळी आमचे औषधवाले भाऊ (दवाखान्यासमोरचं औषधांचं दुकान यांचंच) गुडघे टेकून तण उपटत होते. त्यांच्या मनाला ते लागलं. "आपण गुडघे टेकायचे आणि यांनी पाय पसरायचे, ही कुठली रीत?" त्यांनी लगोलग सभेत विचारलं. प्रश्न तत्त्वाचा होता. ठराव झाला: बागेचा आनंद ज्याने त्याने आपापल्या श्रमांच्या प्रमाणात घ्यावा, श्रमाविना घेतलेला आनंद ही गळती समजण्यात यावी.

शिंपीकाका हात जोडून आले. "बाई, हिच्याही वाटणीचं तण मी काढतो. पण हिला तेवढं बसू द्या. तिला दुसरीकडे कुठं नेता येत नाही हो."

बाईंना गहिवरून आलं. "काका, आनंद दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पण थांबा, मार्ग काढू."

आणि मार्ग निघाला. मंडळाने आस्वाद उपसमिती स्थापन केली. काकू तिच्या प्रमुख आणि एकमेव सेविका. कर्तव्य: रोज संध्याकाळी बागेत येऊन मंडळाच्या वतीने आनंद घेणे. बाईंनी मंडळाची टोपी स्वतःच्या हाताने काकूंच्या डोक्यावर ठेवली. टाळ्या झाल्या.

"अगं बाई," काकू टोपी चाचपत म्हणाल्या, "मी आजवर फुकटच घेत होते की!"

इतकं सगळं गोडीगुलाबीने झाल्यावर औषधवाल्या भाऊंनी एक बारीकशी बाब लक्षात आणून दिली. आनंद घेणं हे आता काम ठरलं. काम चालू असताना सेवक बसत नाही, हा मंडळाचा पहिला नियम. (फोटोत वाईट दिसतं.) तेव्हा काकूंनी आनंद उभ्याने घ्यावा. यात कोणालाच खोट काढता येईना. बाकावर बसणारं कोणी उरलं नाही. वापरात नसलेलं लाकूड कुजतं. म्हणून बाक उचलून झाऱ्या ठेवण्यासाठी नळाजवळ नेला. तिथे तो गुलाबासोबत पाण्यात उभा आहे.

दुसऱ्या संध्याकाळी काकू कामावर रुजू झाल्या. काकांच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. नजर झिनियापर्यंत पोचली असेल-नसेल.

"झाला का गं आनंद?" काकांनी विचारलं.

"झाला. चला."

परत जाताना त्यांना दवाखान्याच्या पायरीवर बसावं लागलं. बराच वेळ बसल्या होत्या. (पायरी मंडळाच्या अखत्यारीत येत नाही.)

त्यानंतर काका एकटेच आले, टोपी परत करायला. धुऊन, इस्त्री करून आणली होती. "ती म्हणते, बाग फार सुंदर आहे," ते म्हणाले, "पण नोकरी झेपत नाही."

मंडळाने राजीनामा जड अंतःकरणाने स्वीकारला. सूर्यफुलांच्या बिया पाखरांनी नेल्या. टोमॅटो गळून गेले.

तुम्ही विचाराल, ठरावाला एकानेही विरोध केला नाही? बाईंनी रीतसर विचारलं होतं: हरकत असेल त्याने हात वर करावा. आमच्या हातांत खुरपी होती. तुमचेही दोन्ही हात हे पान धरण्यात गुंतले होते, हे आम्ही समजू शकतो. मात्र एक गोष्ट मंडळाच्या नजरेतून सुटलेली नाही. काकू तिकडे उभ्या असताना तुम्ही कुठेतरी ऐसपैस बसून, मधूनमधून हसत, हे सगळं वाचत होतात. श्रम शून्य, आनंद पुरेपूर. उपसमितीची जागा रिकामी आहे आणि तुमच्याइतका लायक उमेदवार आम्हाला मिळणार नाही.

तेव्हा आता उभे राहा.