बटण दाबा, बाकी आपोआप

बायकोच्या मुलाखतीला पाऊण तास उरला असताना ड्राफ्ट्समनने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून तो मागे सरकून बसला.

ड्राफ्ट्समन तो आता केवळ स्वभावाने उरला होता. कंपनीने त्याचे नकाशे यंत्राकडे सोपवले होते आणि त्याच्या हाती निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. तेव्हापासून दिवसा घरात तो, त्याची आई आणि खिडकीसमोर आलेली शेजारच्या इमारतीची भिंत, असे तिघेच असत. त्यातली भिंत जरा बरी बोलायची.

बायकोचंही ऑफिस गेल्या हिवाळ्यात बंद पडलं. आता एका विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची नोकरी निघाली होती. ‘घरून काम करण्याची सोय’ हे जाहिरातीतले शब्द ड्राफ्ट्समनने दोनदा वाचले. दिवसभर घरात माणूस असेल! बायकोला मात्र तो एवढंच म्हणाला, “बसची दगदग वाचेल तुझी.”

अडचण कॉम्प्युटरची होती. त्यावर नेहमीच्या विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि लिनक्सवर ड्राफ्ट्समनने स्वतःच्या मापाने बेतलेला डेस्कटॉप. त्यात चित्रं नाहीत, यादी नाही. नुसत्या शेजारी शेजारी चौकटी, प्लॉट पाडल्यासारख्या. आधी नाव, मग पासवर्ड, मग एक आज्ञा, मग एकेक चौकट हाताने बसवायची.

“अहो, हा कॉम्प्युटर सुरू करायचाय की विमान?” बायकोने विचारलं होतं.

“विमान सोपं असतं,” तो अभिमानाने म्हणाला होता.

म्हणून त्याने सगळं आपोआप करून टाकलं. बटण दाबलं की यंत्र नाव-पासवर्ड न विचारता स्वतःच आत शिरणार, डावीकडे मुलाखतीची चौकट, उजवीकडे तिची सर्टिफिकिटं. मध्येच काही बंद पडलं तर ते पुन्हा आपोआप सुरू होणार. आवाज आपोआप पूर्ण मोठा होणार, तिला प्रश्न नीट ऐकू यावेत म्हणून. आणि घरगुती वाटावं म्हणून सुरुवातीलाच त्याचा स्वतःचा आवाज: “या, सगळं तयार आहे.”

आठवडाभर ते बिनबोभाट चाललं. आज सकाळी मात्र त्याने, केवळ टापटीप म्हणून, आपल्या सगळ्या फायली उचलून एका नव्या फोल्डरमध्ये ठेवल्या. नकाशा मंजूर झाल्यावर भिंत हलवायची नसते, हे कंत्राटदारांना सांगण्यात ज्याची उमर गेली, त्याने.

“या, सगळं तयार आहे,” कॉम्प्युटर म्हणाला. पडदा उजळला, यंत्राने फायली जुन्या जागी शोधल्या, त्या मिळाल्या नाहीत, पडदा काळा झाला. “या, सगळं तयार आहे.” पुन्हा उजळला, पुन्हा काळा.

“अरे, कोण आलंय?” आतून आई ओरडली. “मघापासून नुसतं या या चाललंय, आणि आत तर कुणी येत नाही!”

“बंद करा ना ते,” बायको साडीची पिन लावत म्हणाली.

“बंद झालं की सुरू होतं. बटणही फक्त सुरूच करतं. तशी सोय केलीय.”

“कुणी?”

ड्राफ्ट्समनने कीबोर्ड जवळ ओढला. “लिनक्सला मागचं दार असतं,” तो म्हणाला. “तीन कळा एकदम दाबल्या की साधा काळा पडदा येतो. तिथून आत शिरतो आणि निस्तरतो.” त्याने कळा दाबल्या. मागच्या दाराने नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही. कुठूनही शिरलं तरी बायकोची गैरसोय नको म्हणून त्याने तिथेही तीच व्यवस्था बसवली होती. “या, सगळं तयार आहे.”

“मागच्या दारालाही तुम्हीच उभे?”

“अडीअडचणीचा पेन ड्राइव्ह होता, तो लावून कॉम्प्युटर सुरू केला तर…” त्याचा हात खणापर्यंत जाऊन थांबला. तो पेन ड्राइव्ह पुसून त्याने तिच्या सर्टिफिकिटांची जादा प्रत करून ठेवली होती.

“मग सर्टिफिकिटं तरी आहेत ना!”

“आहेत. बघायला कॉम्प्युटर लागेल.”

बायकोने आपला फोन पिठाच्या डब्याला टेकवून कॉम्प्युटरच्याच टेबलावर उभा केला. आतल्या खोलीत वायफाय पोचत नसे, त्यामुळे दुसरी जागा नव्हती. ड्राफ्ट्समन प्लग काढायला टेबलाखाली घुसला. तिथे एकाच बोर्डात कॉम्प्युटर, स्पीकर सगळ्यांच्या काळ्या वायरींचा गुंता होता, आणि त्यातलीच एक वायफायची. भलती ओढली तर मुलाखतच संपली! घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा नाव लिहिणाऱ्या या माणसाने वायरींवर तेवढं काही लिहिलं नव्हतं. शेवटी तो बिनबटणाचा स्पीकर पोटाशी धरून बसून राहिला.

वर मुलाखत सुरू झाली. “या, सगळं तयार आहे,” त्याच्या पोटातून घुसमटलेला आवाज आला.

“तुमच्याकडे कुणी आलंय का?” फोनमधल्या बाईंनी विचारलं.

“नाही हो. विचारा तुम्ही.”

“बरं. समजा, ग्राहक तुमचं काही ऐकूनच घेत नाही. स्वतःच गोंधळ घालून ठेवलाय आणि वर तुम्हालाच समजावतोय. अशा माणसाशी कसं बोलाल?”

बायकोने फोन उचलला आणि टेबलाखाली वळवला. ड्राफ्ट्समनने स्पीकरसकट नमस्कार करण्याचा प्रयत्न केला.

“लग्न झाल्यापासून बोलतेय,” बायको म्हणाली.

फोनमधल्या बाई पडद्याजवळ सरकल्या. मग बाई हळूच म्हणाल्या, “आमचेही टीव्ही खोलून बसलेत. रविवारपासून.”

त्यानंतर सर्टिफिकिटांचा विषयच निघाला नाही. दोघी आवाज खाली घेऊन बोलत राहिल्या. ड्राफ्ट्समनला तुकडे तेवढे ऐकू आले: “स्क्रू उरतात ना?” “उरतातच.” मग बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “सोमवारपासून या तुम्ही. म्हणजे घरून करणार असाल तर तशी…”

“ऑफिसात,” बायको म्हणाली.

“लांब पडेल हो तुम्हाला. दोन बस बदलाव्या लागतील.”

“तीन असल्या तरी चालतील.”

टेबलाखाली ड्राफ्ट्समनला नेमकी तेव्हाच हवी ती वायर सापडली. त्याने ती ओढली. खोलीत एकदम शांत झालं, दिवसभर असतं तसं.