शिवकन्येच्या मागं घागरी

"दमानं गं पोरी, मेंढरं कुठं पळून चाललीत व्हय?"

आजा तात्याबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण पहाटे बुटाच्या नाड्या बांधताना शिवकन्येला तो आवाज अजून ऐकू यायचा. शाळेत पळण्याचा सराव घेणारे आसाराम सर वेगळं काय सांगायचे? श्वास राखायचा, मागं बघायचं नाही, मनाचा कासरा आपल्याच हातात ठेवायचा. रविवारी बीडला जिल्ह्याच्या धावण्याच्या संघाची निवड होती. निवडली गेली तर क्रीडा वसतिगृहात राहून पुढचं शिक्षण, नाही तर आईबापाबरोबर ऊसतोड.

पण त्या साली दिंद्रुडच्या शिवारात पळायचीही सोय उरली नव्हती. विहिरी आटल्या होत्या. वाऱ्यालाही तहान लागलेली, तो धूळच पीत हिंडायचा. सहकारी साखर कारखान्याचा पाण्याचा टँकर कधी, कोणत्या वाटेनं येईल, ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. अशा दिवसांत कुणी पळालं, की त्याचा एकच अर्थ निघायचा.

सोमवारी रतनकाकूंनी ओट्यावरून पुतणीला पळताना पाहिलं, घागर उचलली आणि त्या निघाल्या. काकू निघाल्या म्हणून शेजारच्या विमलबाई निघाल्या, विमलबाईंना पाहून अख्खी आळी. मागचा खणखणाट ऐकून शिवकन्येला वाटलं, भांडण लागलं; तिनं वेग वाढवला. बायकांना वाटलं, टँकर चालला. सगळ्या माळावर पोचल्या तेव्हा तिथं एक शेळी उभी होती.

"टँकर कुठंय गं?"

"कसला टँकर? सराव करायलेय मी."

"पान्याचा ठिकाना न्हाई अन् सराव," विमलबाई धापा टाकत म्हणाल्या. "शिकलेल्या पोरी लई खोटं बोलतेत."

दुसऱ्या दिवशी ती उलट्या वाटेनं गेली. "बघा, आज आपल्याला चुकवायलीय," बायका म्हणाल्या, आणि आणखी जोरात पळाल्या.

मग सरांनी तोडगा काढला: पळता पळता 'टँकर न्हाई' असं ओरडत जायचं. तिचा दम पुरेना. 'न्हाई' घशातच राहायचं आणि गल्लोगल्ली नुसतं 'टँकर' ऐकू जायचं. त्या दिवशी पुरुषही बैलगाडीत टिपाडं घालून आले. पाठोपाठ बुलेटवर कारखान्याचे चेअरमन बबनराव.

"मला न इचारता टँकर सोडला कुनी?"

शनिवारी शिवकन्येनं बूट घातलेच नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिली. थोड्या वेळानं रतनकाकू घागर घेऊन दारात आल्या.

"आज निगायचं न्हाई का?"

"न्हाई काकू. मनच उतरलंय. जाते ऊसतोडीला. तुमीबी निवांत बसा आता. टँकर न्हाई म्हनून किती येळा सांगू?"

काकू उंबऱ्यावर टेकल्या. साठीला आलेल्या; काष्टा मात्र घट्ट खोचलेला. मांडीवरच्या घागरीतून जमिनीवर उजेडाचा एक कवडसा पडला होता. शिवकन्येनं वाकून पाहिलं.

"काकू, घागरीला भोक हाय."

"हाय की. जुनी हाय, पत्रा झिजलाय. पळायला हलकी पडती."

काकू पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"टँकर न्हाई, ते मला पैल्या दिशीच ठावं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ल्हानपनी लई पळायचे मी. लगीन झालं, मंग ऱ्हायलं. बाईमानूस रिकाम्या हातानं पळालं की लोक इचारतेत, का म्हनून पळती. घागर असली की कुनी इचारत न्हाई."

शिवकन्येनं हात लांबवून बूट जवळ ओढले.

"घाल बूट. चल," काकू म्हणाल्या. "एकटीला लाज वाटती मला."