ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच ना-हरकत

जगात पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पन्नास देश जमले होते. त्यासाठीच्या नव्या जागतिक संघटनेचे नियम लिहिण्याचं काम आमच्या प्रिंगलसाहेबांकडे होतं आणि ते टाइप करण्याचं माझ्याकडे. साहेब वॉशिंग्टनचे मुरलेले मुत्सद्दी. डोनट खाल्ल्यावर बोटांची साखरही ते ठराव मांडल्यासारखी झटकत.

एका सकाळी सान हेरोनिमो या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी डॉन एव्हारिस्तो आमच्या टेबलाशी आले. त्यांच्या बंदरात एकोणीस वर्षं आमचे अमेरिकी सैनिक तळ ठोकून होते. डॉनच्या राहत्या घरात, त्यांच्या आईच्या खोलीत, सैनिकांच्या बुटांना पॉलिश होत असे.

"साहेब, एकच सांगा, ही मंडळी निघणार कधी?"

"रीतसर तक्रार करा की!" साहेब खूश झाले. "त्याचीच तर सोय केलीय. फक्त सोबत पाच बड्या देशांची ना-हरकत जोडा."

"त्या पाचात तुम्हीही आहात ना?"

"अर्थात."

"म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी?"

"प्रकरणाची त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला असणार?"

माझी बोटं टाइपरायटरवर थबकली.

"आणि तुम्ही हरकत घेतलीत तर?"

"तर चर्चा! हवी तेवढी करा."

"म्हणजे मी नुसतं बोंबलत बसायचं?"

"पाच भाषांत. दुभाषे मोफत."

"चुलीत घाला तुमचे नियम! मी सही करणार नाही," डॉन कडाडले. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, पन्नासात एक तरी माणूस निघाला.

साहेबांनी शांतपणे पुढचं पान सरकवलं. कोणत्याही देशाच्या घरगुती बाबीत बाहेरच्यांनी नाक खुपसायचं नाही, असं ते कलम होतं. डॉननी ते दोनदा वाचलं.

"आमच्या डोंगरातले खेडूत आमच्या लष्कराच्या नावानं सारखे ओरडत असतात. ते इथे आले तर?"

"इथे कशाला? त्यांनी तुमच्याच सरकारकडे जायचं."

"त्यांना दुभाष्या?"

"तोसुद्धा नाही."

डॉननी खुर्ची ओढली. "सेन्योरिता, पेन आहे का?"

मी दिलं. द्यायला नको होतं.

'मेला लबाड!' म्हणालात ना? मीही म्हणाले. आता एक करा. तुमच्याविरुद्ध तक्रार असली तर ती कोणाकडे न्यायची, एवढं कोणा तिसऱ्याला तुमच्या घरच्यांना विचारू द्या. तो विचारत असताना तुम्ही मात्र खोलीबाहेर थांबा.