तासभर उठायचं नाही

कारकुनाने आयुष्यात फुशारकी अशी फारशी मारलीच नव्हती, आणि मारली ती नेमकी थोरल्या साडूंपुढे.

त्याची बायको आणि तिची ताई, या दोघी बहिणींचा एक शिरस्ता होता. महिन्यातून एकदा दोघींनी आपापल्या नवऱ्यांना घेऊन बाहेर जेवायला जायचं. कुठे जायचं ते साडू ठरवत. काय खायचं तेही साडूच ठरवत. कारकुनाने मेनूकार्ड उघडलं की ते अलगद त्याच्या हातून काढून घेत आणि म्हणत, "राहू द्या हो साडूभाऊ, इथलं तुम्हाला कळायचं नाही." साडूंची सगळीकडे ओळख. पण कारकुनाने कधी अडीअडचणीला म्हटलं, की अमक्याकडे माझ्यासाठी एक शब्द टाका, तर साडू आधी चहाचा एक घोट घेत, खिडकीबाहेर पाहत आणि म्हणत, "बघतो." त्या बघण्यातून आजवर काही दिसलं नव्हतं.

तर गेल्या खेपेला साडूंनी कारकुनाला काटा कसा धरायचा ते वेटरदेखत शिकवलं, आणि कारकुनाचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी मी नेतो तुम्हाला. आमच्या ऑफिसच्या मागे एक जागा आहे. एकदम खास. बोर्डसुद्धा नाही."

"बोर्ड नाही?" साडूंचा काटा हवेतच थांबला. "मला कशी माहीत नाही?"

ती कारकुनालाही माहीत नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टने कुणाकडून तरी ऐकलं होतं: मागच्या गल्लीत, उघडं दार, वर पिवळा दिवा, आत एकीसारखी दुसरी नाही अशा खुर्च्या. एवढ्या भांडवलावर कारकून शनिवारी संध्याकाळी तिघांना घेऊन निघाला. निघताना बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाली, "अहो, आज तरी ताईसमोर माझी मान खाली जाऊ देऊ नका."

ऑफिसमागचा तो भाग पूर्वी गोदामांचा आणि दुरुस्तीवाल्यांचा. संध्याकाळी तिथे कुत्रंही फिरकत नसे. आता दर दोन महिन्यांनी एक दुकान बंद पडत होतं आणि त्या जागी एक हॉटेल उघडत होतं. मजा अशी, की हॉटेलवाले आधीच्या दुकानाचा अवतार तसाच ठेवत. औषधाच्या दुकानाचा बार झाला होता, तिथे दारू औषधाच्या बाटलीतून देत आणि बाटलीवर डोसाच्या खुणेचा कागदही चिकटवत. लाँड्रीत कॉफी मिळत होती, इस्त्र्या तशाच मांडून ठेवलेल्या. पोत्यांच्या गोदामात नाचायची सोय झाली होती. साडू चालता चालता सगळ्यांना समजावून सांगत होते. "जागा जितकी मोडकी, तितकी वरच्या दर्जाची," ते म्हणाले, आणि ताईंनी मान डोलावली, कारण ताई मान डोलावतच असत.

कारकुनाची मान मात्र वर होती. पिवळा दिवा दिसेना. गल्लीला एक फेरी झाली, दुसरी झाली. "ह्या इस्त्र्या मघाशी पाहिल्या ना आपण?" साडूंनी विचारलं.

"परिसर दाखवतोय," कारकून म्हणाला.

आणि मग बोळाच्या तोंडाशी तो दिसला. पिवळा दिवा, उघडं दार, बोर्ड नाही. आत एक लांब टेबल, भोवती चार खुर्च्या. एक वेताची, एक लोखंडी पट्ट्या मारलेली लाकडी, एक उंच पाठीची आणि एक तर चक्क शाळेतली. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली नंबराची चिठ्ठी. कारकुनाच्या जिवात जीव आला. "हेच ते," तो म्हणाला.

लाकडाच्या भुशाने माखलेला एक म्हातारा पुढे आला. त्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. नुसतं विचारलं, "किती जण?"

"चार."

म्हाताऱ्याने चौघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. साडूंपाशी त्याची नजर थांबली आणि चेहरा उजळला. "तुम्ही इथे," तो उंच पाठीची खुर्ची दाखवत म्हणाला. "वा! ही तुमच्यासाठीच होती. ताई, तुम्ही वेताच्या खुर्चीत. आणि तुम्ही या पट्ट्यांच्या." मग त्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकून अंगाने काडी. "तुम्ही राहू द्या," म्हातारा म्हणाला, आणि शाळेच्या खुर्चीवर त्याने रंगाचे दोन भरलेले डबे ठेवले.

"आता सगळ्यांनी सरळ बसायचं. तासभर उठायचं नाही. उठलात तर माझी सगळी मेहनत पाण्यात."

साडूंनी बायकोकडे असं पाहिलं, जणू हा नियम त्यांनीच केला होता. "बघितलंस? याला शिस्त म्हणतात. खऱ्या जागी गिऱ्हाइकाचं काही चालत नाही." मग कारकुनाकडे वळून, "पण तुम्ही उभे का?"

कारकुनालाही तेच कळत नव्हतं. "मी... जरा आत बघून येतो," तो म्हणाला आणि मागचा पडदा सारून आत गेला.

आत एक पलंग होता. खिडकीत दोन दात घासायचे ब्रश होते. स्टोव्हवर पातेलं, आणि स्टुलावर बसलेली एक म्हातारी कांदे सोलत होती.

कारकुनाने मागचा पडदा नीट ओढून घेतला. "आजी," तो हळू आवाजात म्हणाला, "हे हॉटेल आहे ना?"

"हॉटेल पलीकडच्या बोळात. दिवा त्यांचाही पिवळाच." म्हातारीने मान वरसुद्धा केली नाही. "रोज कोणी ना कोणी चुकून येतं. पण दारातून परत जातात. तुम्ही बसलात."

"अहो, आजोबांनीच बसवलं!"

"मग काय करतील? खुर्च्या दुरुस्त करतात ते. सांध्यांना सरस लावला की वर वजन हवं, नाहीतर सांधा बसत नाही. इतकी वर्षं समोरच्या गोदामातून पोती आणायचे. आता गोदामात पोरं नाचतात. पोती कुठून आणायची? तुमच्यातले ते जाडे गृहस्थ दिसले आणि ह्यांना देव भेटला."

कारकून पलंगाच्या कडेवर टेकला. बाहेर जाऊन खरं सांगणं सोपं होतं. चार शब्दांचं काम. पण ते चार शब्द साडू पुढची वीस वर्षं प्रत्येक जेवणात, प्रत्येक बारशाला आणि बहुधा कारकुनाच्या मयतालाही ऐकवणार होते. आणि बायको मान खाली घालून ते ऐकणार होती. तिचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि कारकुनाला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"आजी, पाया पडतो," तो म्हणाला. "काहीतरी खायला द्या त्यांना. इज्जतीचा प्रश्न आहे."

म्हातारीने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "सोयरे का?"

"साडू."

"अरे देवा," म्हातारी म्हणाली. तिलाही बहीण असावी. "भोपळ्याचं सूप आहे. पण दोघांपुरतं."

"पाणी घाला."

"घालते. पण माझे गुडघे गेलेत. बाहेर न्यायचं तुम्ही. आणि आधी हे कांदे चिरा."

कारकुनाने कांदे चिरले. मग एक खोलगट बशी, एक वाडगा आणि एक कान तुटलेला मग असं घेऊन तो बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"रडताय की काय?" बायकोने विचारलं.

"धूर," कारकून म्हणाला.

साडू मगाकडे बघत राहिले. "तुम्ही स्वतः वाढताय?"

आता कारकून पुरता बुडालाच होता, त्यामुळे त्याला पोहायला येऊ लागलं. "इथे ज्याची ओळख असते त्यालाच स्वयंपाकघरात जाऊ देतात," तो म्हणाला.

ओळख या विषयावर साडू काही बोलले नाहीत, ही आजवरची पहिलीच वेळ. त्यांनी सूप चाखलं, डोळे मिटले. "पातळ आहे. मुद्दाम पातळ ठेवलंय. भोपळ्याला बोलू दिलंय." मग म्हणाले, "आणि प्यायला काय?"

कारकून आत गेला. आत प्यायला पाणी होतं आणि म्हाताऱ्याच्या खोकल्याचा काढा होता. त्याने काढा छोट्या पेल्यात ओतून आणला.

"घरचा आहे," त्याने सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

साडूंनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आलं आधी येतं," ते खोल आवाजात म्हणाले, "कडवटपणा मागून. आणखी एक आणा."

"जपून," म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला. "छाती मोकळी होते, पण झोप येते."

एवढ्यावर भागलं असतं. पण तीन माणसं पिवळ्या दिव्याखाली ऐटीत बसलेली रस्त्यावरून दिसत होती. थोड्याच वेळात दोन तरुण जोडपी दारात आली. "जागा आहे का?" म्हाताऱ्याने त्यांची अंगकाठी पाहिली आणि त्यांना एका लांब बाकावर ओळीने बसवून टाकलं. "मधे फट नको," तो म्हणाला. म्हातारीने पातेल्यात आणखी पाणी ओतलं आणि कारकुनाला अंडी फोडायला बसवलं. घामाघूम होऊन तो बशा नेत असताना बाकावरच्या एकाने टिचकी वाजवली. "ओ वेटर!"

कारकून जागच्या जागी थिजला. संपलं सगळं, त्याला वाटलं.

"वेटर कोणाला म्हणता?" हा आवाज साडूंचा होता. त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून बसल्या जागीच ते कडाडले. "ते माझे साडू आहेत! मालकांच्या अगदी आतल्या गोटातले!"

टिचकीवाल्याने माफी मागितली. कारकुनाला एकदम भरून आलं. वीस वर्षांत साडूंनी त्याला चारचौघांत 'माझे साडू' म्हटलं नव्हतं.

अखेर म्हाताऱ्याने खुर्च्यांचे पाय बोटाने वाजवून पाहिले. "बसले. उठा." सगळे उठले, साडू तेवढे खुर्चीसकट उठले. म्हाताऱ्याने पटाशी घेतली आणि साडूंच्या नव्या कोटाचं सरसात चिकटलेलं टोक कापून त्यांना मोकळं केलं. कारकुनाने डोळे मिटून घेतले. पण काढ्याने साडूंचं चित्त फारच शांत झालं होतं. "असू दे," ते म्हणाले. "आठवण."

"पैसे?" त्यांनी पाकीट काढत विचारलं.

"तुमच्याकडून कसले पैसे?" म्हाताऱ्याने हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून काम झालं."

साडू पाकीट हातात धरून कारकुनाकडे बघत राहिले. कारकून नम्रपणे छताकडे बघत राहिला.

घरी चालत जाताना बायको म्हणाली, "कोणाचं तरी घर होतं ना ते?"

"कधी कळलं तुला?"

"बसल्या बसल्या. माझ्या डोक्यावर आजोबांचा बनियन वाळत होता. मानेवर थेंब पडत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"भाऊजी त्याच्याकडे बघून म्हणाले, काय सजावट आहे! मग म्हटलं, कशाला?" ती हसायला लागली आणि तिने त्याचा हात धरला. "सूप मात्र बरं केलंत हो. थोडं पाणी जास्त झालं."

सोमवारी कारकून ऑफिस सुटल्यावर एक मोठा भोपळा आणि अंडी घेऊन आजी-आजोबांचे आभार मानायला गेला. म्हातारा दारातच भेटला. "तुमचे साडू काल येऊन गेले. साहेब लोकांना घेऊन. मी म्हटलं, आज सरसाचं काम नाही, बसवून काय करू? तर विचारतात, नियम काय आहे. म्हटलं, मोडकी खुर्ची आणा, मग बसा."

कारकुनाला वाटलं, मिटला विषय. पण पुढच्या शनिवारी जादा कामासाठी तो ऑफिसात थांबला होता, तेव्हा टायपिस्टने त्याला खिडकीशी बोलावलं. खाली बोळाच्या तोंडापासून लाँड्रीपर्यंत रांग लागली होती. कडक इस्त्रीतली, अत्तर लावलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक मोडकी खुर्ची. एका बाईंनी तीन पायांचं स्टूल आणलं होतं आणि मागचे गृहस्थ त्यांना स्टूल चालतं का याबद्दल शंका विचारत होते.

"ही कसली रांग म्हणायची?" टायपिस्ट म्हणाली.

"मला काय ठाऊक," कारकून म्हणाला.

तो घरी पोचून चहाला बसतो न बसतो तोच फोन वाजला. साडू होते. पण आवाज साडूंचा वाटत नव्हता, एखाद्या अर्जदाराचा वाटत होता.

"साडूभाऊ, जेवणात होतात का? नाही ना? अहो, मला परत पाठवलं हो त्यांनी! माझ्या साहेबांसमोर!"

"का बरं?"

"घरात मोडकी खुर्चीच नाही. सगळं फर्निचर नवं. म्हणून मी हातोडीने एक पाय मोडला. तर म्हातारा सांधा बघून म्हणतो, मुद्दाम मोडलेली घेत नाही. रांगेतले लोक हसले हो. साहेब पुढच्या शनिवारी पुन्हा येतो म्हणालेत. माझी लाज तुमच्या हातात आहे. तुमची आतपर्यंत ओळख... एक शब्द टाकाल का?"

पलीकडून श्वास ऐकू येत होता. बायको दारात उभी राहून बघत होती. कारकुनाने सावकाश चहाचा एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"बघतो," तो म्हणाला.